पाईपचा माल गाडीवर बांधताना: बेल्ट आवळण्याआधीची कामं

पाईप हा गाडीवर चढवायला सोपा आणि जागेवर ठेवायला अवघड माल. पोती एकमेकांवर बसतात, पेट्या कडेला कडा लावून उभ्या राहतात. पाईप गोल असल्यामुळे बाजूला लोळतो, लांब आणि गुळगुळीत असल्यामुळे पुढे-मागे सरकतो, आणि सुटलाच तर थेट केबिनमध्ये नाहीतर मागच्या दुचाकीवर जातो. चाकण, भोसरी, रांजणगाव, खेड शिवापूर या पट्ट्यात रोज असा माल भरला जातो. गाडी गेटबाहेर पडताना तपासणारा माणूस बहुधा बेल्टवर थाप मारतो, तो टणक वाजला की हात दाखवतो. माझं म्हणणं असं की त्या थापेतून फारसं काही कळत नाही. बेल्ट पाईपला धरून ठेवत नाही, फक्त खाली दाबतो. पाईपला अडवायचं काम पुढचा हेडबोर्ड (केबिनमागची हौद्याची उभी भिंत), बाजूचे उभे खांब आणि खालचं लाकूड करतं. हे आधी नीट झालं नसेल तर वरून कितीही आवळा, भरती कच्चीच राहते.

आधी वजन काढा, मग गाडी बोलवा

चलनावरचं वजन येईल तेव्हा येईल, आपला अंदाज आपल्याकडे हवा. लोखंडी पाईपचं सूत्र सोपं आहे: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, उरलेल्याला जाडीने गुणा, मग ०.०२४६६ ने गुणा. मापं मिलिमीटरमध्ये घेतली की उत्तर दर मीटरला किलोत येतं. नेहमीचा आठ इंची पाईप घ्या. त्याचा बाहेरचा व्यास २१९.१ मिमी, जाडी ६.३ मिमी धरू. मीटरला ३३ किलो पडतात, म्हणजे सहा मीटरचा एक पाईप साधारण १९८ किलोचा. असे साठ पाईप भरले की बारा टन झाले.

गाडीची कुवत आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करून काढायची. 'ही गाडी नेहमी एवढं नेते' हा हिशेब काट्यावर टिकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जास्त वजनाला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवायचा खर्च वेगळा.

आता लांबी. बाजारातला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी), एमएस (साधा लोखंडी) आणि पीव्हीसी पाईप बहुतेक सहा मीटरचा, म्हणजे वीस फुटी. मोठ्या व्यासाचा स्पायरल वेल्डेड पाईप बारा मीटरचाही येतो. हौदा पाईपपेक्षा लांब हवा. चौदा फुटी टेंपोत वीस फुटी पाईप टाकून मागच्या टोकाला लाल फडकं बांधलेलं दृश्य शहरात रोज दिसतं, पण फडकं बांधलं की चालतं हा समज चुकीचा आहे. माल हौद्याबाहेर पुढे, मागे किंवा बाजूला काढला तर त्याच कलमाखाली वेगळा २०,००० चा दंड आहे. दंड बाजूला ठेवा. सिंहगड रोडच्या गर्दीत त्या टोकामागे एक हेल्मेट नसलेला माणूस स्कूटरवर असतो, एवढं डोळ्यासमोर आणलं तरी पुरे.

गाडी दारात आली की चढवण्याआधी हौद्यात एकदा चढून बघा. फळ्या कुजलेल्या नाहीत ना, खांबांची खोबणी वाकलेली नाही ना, खांब खाली घट्ट बसतात की खुळखुळतात, बेल्टचे हूक अडकवायला चॅसिसवर किती जागा आहेत. तळावर तेल, खडी, ओली माती असेल तर झाडून घ्या. पावसाळ्यात हे पाच मिनिटांचं काम फार उपयोगी पडतं.

तेहतीस बेल्टचा हिशेब

हा भाग थोडा रुक्ष आहे, पण इथेच सगळं आहे.

माल बांधण्याच्या युरोपीय नियमांत धरतात की जोरात ब्रेक मारला तर माल स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे ढकलला जातो. बाजूला आणि मागे हा आकडा ०.५ पट. आपल्या बारा टनांना पुढे अडवायला ९.६ टनांचा जोर लागेल. लाकडावर ठेवलेल्या लोखंडाचं घर्षण ०.३ धरू. म्हणजे पाईप स्वतःच्या वजनाने ३.६ टन अडवतील. उरले सहा टन.

हे सहा टन नुसत्या बेल्टने भागवायचे ठरवू. पन्नास मिमी रुंदीच्या चांगल्या रॅचेट बेल्टच्या (दांडा मागेपुढे करून खटक्याने आवळायच्या पट्ट्याच्या) निळ्या लेबलवर दोन आकडे असतात. एक एलसी, सरळ ओढीत बेल्ट किती सहन करतो तो, बहुधा २५०० डेकान्यूटन, ढोबळ अडीच टन. सगळे तोच वाचतात. दुसरा एसटीएफ, हाताने रॅचेट आवळल्यावर बेल्टमध्ये खरोखर किती ताण उरतो तो. साध्या रॅचेटला हा साडेतीनशे डेकान्यूटन, ढोबळ साडेतीनशे किलोंच्या आसपास असतो. रॅचेटच्या बाजूला साडेतीनशे, पलीकडच्या बाजूला कडांवर घासून थोडा कमी, असे मिळून एक बेल्ट मालाला सहाशे किलोंनी दाबतो. त्यातून वाढलेलं घर्षण किती? सहाशेच्या ०.३ पट, १८० किलो. सहा टन भागिले १८० किलो: तेहतीस बेल्ट.

तेहतीस बेल्ट कुणी बांधत नाही, चार बांधतात. उरलेला सगळा जोर कशावर जातो, हे तुम्ही ठरवलं नसेल तर केबिनच्या मागच्या पत्र्यावर जातो, आणि त्याच्या पुढ्यात ड्रायव्हरची पाठ असते.

हाच हिशेब रबर घालून करा. लोड बांधायच्या खास रबरी मॅटचं घर्षण ०.६ धरतात. मग पुढे उरतात फक्त २.४ टन, एक बेल्ट ३६० किलो देतो, सात बेल्टमध्ये काम होतं, आणि बाजूला तर वजनानेच भागतं. अट एकच, मॅट प्रत्येक थरात हवी. खाली मॅट आणि वर लोखंडावर लोखंड ठेवलं तर वरचा थर घसरतोच, कारण लोखंडावर लोखंडाचं घर्षण ०.१ ते ०.२ एवढंच, आणि गंज लागू नये म्हणून तेल फासलेलं असेल तर त्याहून कमी. म्हणून पैसे खर्च करायचा क्रम असा: आधी मजबूत हेडबोर्ड आणि खांब, मग रबर, मग जास्तीचे बेल्ट. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो.

मग बेल्टचं काम काय? खड्ड्यात चाक आपटून गाडी उसळते तेव्हा क्षणभर पाईपचं वजन फळीवर नसतं, आणि वजन नसलं की घर्षणही नसतं. त्या क्षणी माल खाली दाबून ठेवणं हे बेल्टचं खरं काम. चाकण–तळेगाव रस्त्यावर असे क्षण किती येतात ते ड्रायव्हर मंडळींना विचारा.

भरती: एकेक थर

पहिलं आडवं लाकूड. बाभूळ, साल असं कठीण लाकूड, चार इंच बाय चार इंच, गाडीच्या पूर्ण रुंदीएवढं सलग. पेटीचं मऊ लाकूड बारा टनांखाली चेपतं, चेपलं की थर खाली बसतो आणि बेल्ट आपोआप सैल होतो. आयताकृती ओंडका असेल तर तो रुंद बाजूवर झोपवा, अरुंद कडेवर उभा केलात तर ब्रेकला गडगडतो.

सहा मीटरच्या पाईपला दोन ओंडके पुरतात, दोन्ही टोकांपासून लांबीच्या पाचव्या भागावर, साधारण १.२ मीटर आत. तिथे ठेवले की पाईप मध्येही लवत नाही आणि टोकांनाही. पातळ जाडीच्या पाईपला मध्ये तिसरा द्या. वरच्या प्रत्येक थराचे ओंडके खालच्या ओंडक्यांच्या बरोबर डोक्यावर यायला हवेत, ओळंब्यात. इथे हमखास ढिलाई होते. ओंडका अर्धा फूट सरकला की वरच्या थराचं वजन खालच्या पाईपच्या मधोमध पडतं. पुढे बेल्टही याच रेषेवर टाकायचे आहेत.

आठ इंची पाईप दहा शेजारी लावले की २.१९ मीटर होतात, म्हणजे खांबांच्या आत जेमतेम थोडी जागा उरते. ती मोकळी सोडू नका. खांब आणि शेवटचा पाईप यांच्यात लाकूड ठोका. दोन बोटांची फट म्हणजे प्रत्येक वळणावर बारा टनांना दोन बोटं पळायची मुभा, आणि पळून आपटणारं वजन खांबाला टेकलेल्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जोर लावतं. थराच्या दोन्ही टोकांच्या पाईपला ओंडक्यावर पाचरी ठोका, प्रत्येक पाचरीला निदान दोन खिळे. नुसती सरकवून ठेवलेली पाचर पहिल्याच गतिरोधकावर उडते. पाचर पाईपला चिकटलेली हवी आणि ठेंगणी नको; दोन फुटी व्यासाच्या पाईपला इंचभराची चकती लावून काही होत नाही, तिथे निदान अडीच-तीन इंच उंची द्या.

पुढची टोकं हेडबोर्डला टेकलीच पाहिजेत. अॅक्सलवर वजन नीट वाटण्यासाठी माल थोडा मागे घ्यावा लागत असेल तर मधली फट उभ्या-आडव्या लाकडांनी भरून काढा, म्हणजे जोर लाकडातून हेडबोर्डपर्यंत पोचेल. मालाची उंची हेडबोर्डच्या आत ठेवा. आपल्या उदाहरणात सहा थर आणि मधली लाकडं मिळून पावणेदोन मीटरच्या आसपास जातं. गाडीचा हेडबोर्ड सव्वा मीटरचा असेल तर वरचे दोन थर मोकळ्या हवेत आहेत, त्यांना अडवायला काही नाही. अशा वेळी गाडी बदला नाहीतर माल दोन खेपांत पाठवा. दुसरा उपाय मला माहीत नाही.

काही जण मधलं लाकूड न घालता वरचा पाईप खालच्या दोन पाईपांच्या खाचेत बसवतात. मोठ्या व्यासाला ही पद्धत चालते, पण खाचेत बसलेला पाईप खालच्या दोघांना सतत बाहेर रेटत असतो. सगळा रेटा शेवटी कडेच्या खांबांवर येतो. त्यामुळे खांब दणकट हवेत, वरच्या थरापेक्षा उंच हवेत, आणि समोरासमोरच्या खांबांची डोकी साखळीने एकमेकांना बांधायला हवीत, नाहीतर ती हळूहळू फाकतात.

आतले पाईप हा सगळ्यांत दुर्लक्षित प्रश्न. वरून टाकलेला बेल्ट फक्त वरच्या आणि कडेच्या पाईपांना शिवतो. मधल्यांना कुणी धरलेलं नसतं. काडेपेटी उघडून तिरकी केली की मधल्या काड्या जशा सरकतात, तसे ते सरकतात. यावर उपाय दोन. भारे करून भरत असाल तर प्रत्येक भाऱ्याच्या पोटाला बेल्टचा पूर्ण वेढा घ्या आणि त्याच बाजूच्या हुकात परत आणा. असाच दुसरा वेढा समोरच्या बाजूने. सुटे पाईप असतील तर मागच्या टोकालाही फळ्यांची किंवा जाळीची भिंत उभी करा. घाट चढताना गाडी पहिल्या गिअरला हिसका देते तेव्हा मधलाच पाईप मागे निघतो.

भाऱ्यांना कंपनीतून लावलेली पत्र्याची पट्टी भारा एकत्र ठेवण्यापुरती असते. तिच्यात हायड्राचा (फिरत्या क्रेनचा) हूक अडकवू नका, आणि बांधणीत तिला धरू नका.

लोखंडाव्यतिरिक्त

डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे ओतीव लोखंडाच्या) पाईपची सॉकेटची रुंद तोंडं एकाआड एक उलटसुलट ठेवा, म्हणजे थर सपाट बसतो. उचलताना तोंडात हूक घालू नका, आतलं सिमेंटचं अस्तर उडतं. बाहेरून थ्रीएलपीई (तीन थरांचा प्लास्टिकचा) किंवा इपॉक्सीचा लेप असलेल्या पाईपवर साखळी आणि वायररोप नको. रुंद बेल्ट आणि खाली रबर. लेपाला गेलेला एक चर साइटवर पूर्ण पाईप नाकारायला पुरतो.

पीव्हीसी हलका, पण जास्त आवळला तर अंडाकृती होतो, मग सांधा बसत नाही. इथे बेल्ट थोडे जास्त आणि ताण कमी. एचडीपीई, म्हणजे पॉलिइथिलीनचा पाईप, मात्र लबाड माल आहे. गुळगुळीत तर आहेच, शिवाय उन्हाने वाढतो. तापमानात अंशाला मीटरमागे ०.२ मिमी धरा: बारा मीटरचा पाईप वीस अंशांच्या फरकात जवळजवळ पाच सेंटिमीटर लांब-आखूड होतो. जाडीतही फरक पडतो. मे महिन्यात दुपारी दोनला आवळलेला बेल्ट रात्री लोणावळ्याच्या गारव्यात सैल मिळाला तर ड्रायव्हरला दोष देऊ नका.

सिमेंटचे ह्यूम पाईप अडीच मीटरचे, जड आणि ठिसूळ. प्रत्येकाला चारही बाजूंनी पाचर, आणि एकावर एक चढवायचा मोह नको.

आता बेल्ट

बेल्ट हातात घेऊन पूर्ण लांबीभर बघा. पन्नास मिमीच्या बेल्टला कडेला पाच मिमीहून जास्त चीर असेल, गाठ मारलेली असेल, वितळल्याचा चकाकता डाग असेल किंवा लेबल वाचता येत नसेल तर तो ताडपत्री बांधायला वापरा. काथ्याचा दोर आणि नायलॉनची रस्सी यांचीही जागा तीच.

किती लावायचे? सहा मीटरच्या मालाला तीन, प्रत्येक जादा तीन मीटरला आणखी एक, हा किमान आकडा. पण वजनानेही तपासा: सगळ्या बेल्टच्या कुवतीची बेरीज मालाच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा कमी नको. बारा टनांना सहा टन, म्हणजे अडीच टनी तीन. मी अशा भरतीला चार लावायला सांगतो, शिवाय भाऱ्यांचे वेढे वेगळे. जड लोखंडाला ग्रेड ८० ची साखळी उत्तम. लांबत नाही, कडेने कापली जात नाही. उचलायच्या कामात तिची आठ मिमीची कडी दोन टन आणि दहा मिमीची सव्वातीन टनांच्या जरा आतलं वजन धरते.

बेल्ट ओंडक्यांच्या रेषेवर टाका. दोन ओंडक्यांच्या मध्ये टाकलात तर पाईप लवतो, बेल्ट घट्ट वाटतो आणि थोड्या वेळाने पाईप सरळ होऊन तो सैल पडतो. हूक चॅसिसच्या कडीत अडकवा. फाळक्याच्या बिजागरीत किंवा खिट्टीत अडकवलेला हूक बघितला तर गाडी थांबवा. बेल्ट जितका उभा उतरेल तितका चांगला दाबतो. जमिनीशी तीस अंशांवर तिरका गेला की दाब निम्मा होतो, म्हणून ठेंगण्या मालाला बेल्टपेक्षा साखळी आणि अडथळा यांवर जास्त भरवसा ठेवा. कडेला जिथे बेल्ट घासतो तिथे जाड रबराचा तुकडा किंवा कोपऱ्याचं प्लास्टिक घाला.

रॅचेट एकाला डावीकडे, पुढच्याला उजवीकडे ठेवा, म्हणजे ताण दोन्ही अंगांना सारखा पडतो. रिळावर दोन-तीन वेढे बसले पाहिजेत. एकच बसला तर पट्टा निसटतो, फार बसले तर दांडा फिरत नाही. आणि दांड्यावर चार फुटी पाईप घालून आवळायची खोड मोडा. हाताने आवळण्यासाठी बनवलेलं रॅचेट तसं वापरलं की खटका वाकतो, आणि तो सुटला तर दांडा जबड्यावर येतो.

रस्त्यावर

पहिला थांबा गाडी निघाल्यावर लगेच, पंधरा-वीस किलोमीटरच्या आत. माल बसतो, लाकूड चेपतं, बेल्ट हमखास ढिला होतो. चाकणहून मुंबईकडे जाणाऱ्याने तळेगाव ओलांडल्यावर, एक्स्प्रेसवेला लागण्याआधी आवळून घ्यावं आणि बोरघाट उतरण्याआधी पुन्हा. साताऱ्याकडे जाणाऱ्याने खेड शिवापूरच्या परिसरात आणि खंबाटकीआधी. थांब्यावर बेल्ट तर बघाच, पण आधी मागून टोकं बघा. भरताना मागच्या टोकांवर खडूने एक सरळ उभी रेघ ओढून ठेवली असेल तर कुठला पाईप किती निघाला हे एका नजरेत कळतं. मला यापेक्षा स्वस्त उपकरण माहीत नाही.

उलट दिशेने, साताऱ्याकडून भरून पुण्यात येणाऱ्यांसाठी कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार वेगळा लक्षात ठेवायला हवा. उतार लांब आहे, खाली वाहतूक तुंबलेली असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड गाडीने वीसहून अधिक वाहनांना धडक दिली होती. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची नाही, बोगद्यातून बाहेर पडतानाच खालचा गिअर टाकायचा. सतत ब्रेक दाबून लायनर तापवले तर शेवटी जो एक जोराचा ब्रेक मारावा लागतो, त्यातच माल पुढे येतो. एखादा पाईप हलल्यासारखा वाटला तर बाजूला घ्या. चालत्या गाडीत 'पुढच्या ढाब्यावर बघू' म्हणू नका.

शहरात माल न्यायचा असेल तर अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा निघण्याआधी बघून घ्या. वेळ गाठण्यासाठी घाईत भरलेली गाडी ही सगळ्यांत वाईट भरलेली गाडी असते.

गाडी खाली करताना

माणसं दगावतात ती बऱ्याचदा इथे, गाडी उभी असताना. प्रवासात माल एका बाजूला कलंडून बेल्टवर रेललेला असतो. बाहेरून सगळं शांत दिसतं. बेल्ट सोडला की पहिला पाईप सोडणाऱ्याच्या अंगावर येतो.

गाडी सपाट जागी लावा. चाकांना अडण्या द्या. एकही बेल्ट सोडण्याआधी दोन्ही बाजूंनी फिरून बघा: खांब बाहेर वाकलेत का, पाचरी जागेवर आहेत का, कुठला पाईप खांबाच्या डोक्यावर चढलाय का. शंका आली तर हायड्राचा बेल्ट आधी त्या भाऱ्याला घालून हलका ताण घ्या आणि मगच बांधणी सोडा. रॅचेट सोडणाऱ्याने माल ज्या बाजूला झुकलाय तिच्या विरुद्ध बाजूला, टोकाजवळ उभं राहायचं. हौद्याच्या बाजूला, पाईप घरंगळून पोचेल एवढ्या पट्ट्यात दुसरं कुणी नको: हमाल नको, बिल्टीवर सही घ्यायला आलेला स्टोअरकीपर नको, मोबाईलवर फोटो काढणारा साइट इंजिनिअरही नको. बेल्ट सगळे एकदम न सोडता जो भारा उचलायचा त्याचेच सोडा. खांब सगळ्यांत शेवटी काढा, त्या बाजूचा शेवटचा थर खाली गेल्यावर. उंच थरावर चढून पाईप पायाने ढकलून खाली लोटायची पद्धत छोट्या साइटवर अजून दिसते. क्रेन नसेल तर दोन तिरके ओंडके लावा, दोन्ही टोकांना दोर घाला, दोर वरच्या बाजूने धरा आणि एकेक पाईप सावकाश उतरवा. उतरलेला पाईपही जमिनीवर मोकळा सोडू नका, दोन्ही बाजूंना पाचर लावूनच पुढच्याला हात घाला.